घुमटाची नक्कल

माझ्या हातून आजवर जे अर्ज लिहिले गेले, त्यांची चळत रचली तर ती सुप्याच्या कचेरीच्या कौलांना टेकेल. असे मी सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात. परंतु ते खोटे नाही. मराठी चौथी इयत्ता मी पुरी केली. पाचवीत असता वडील वारले आणि पुढील सर्व शिक्षण मी कचेरीच्या ओटीवर, इतरांच्या तक्रारी लिहिता लिहिता संपादन केले. जंगलातून सरपण आणण्याची परवानगी असो, बांधाचा तंटा असो, वा वाघाने मारलेल्या बैलाची हकीकत असो, माणूस समोर येऊन बसला की त्याच्या मनातली गोष्ट त्याच्यापेक्षा मलाच नीट मांडता येते, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत एका मातीच्या भांड्याने थोडी हलविली. ते भांडे आज माझ्या घरी खुंटीला टांगलेले आहे, आणि त्याची हकीकत लिहावयास बसताना मला आनंदच होतो.

गुंद येथील एका घराकडे शिमग्यातील घुमटाचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. घुमट म्हणजे काय, हे आमच्या मुलखात कोणास सांगावे लागत नाही. परंतु हा मजकूर दूरच्या वाचकांच्याही हाती जाईल, म्हणून सांगतो. ते भाजलेल्या मातीचे, दोन तोंडांचे वाद्य होय. मोठ्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून बांधतात, धाकटे तोंड उघडे ठेवतात. दोरीने गळ्यात अडकवून ते पोटाशी आडवे धरावयाचे, उजव्या हाताने कातड्यावर थाप मारावयाची आणि डाव्या तळव्याने उघडे तोंड झाकीत व सोडीत आवाज घुमवावयाचा. शिमग्याच्या पहिल्या दिवशी सारा गाव मांडावर, म्हणजे देवाच्या ठरलेल्या जागी, जमतो. तेथून नाचणाऱ्यांचा मेळ घरोघर निघतो. घुमटाची पहिली थाप पडल्याखेरीज मेळाचे पाऊल हलत नाही, आणि ती थाप ज्या घरची, त्या घरच्या अंगणात मेळ सर्वांआधी नाचतो. शेतजमीन थोडकी असलेल्या त्या घराची गावातली उंची या एका थापेवर उभी होती.

त्या घरचा म्हातारा खरोखरच उंच होता. स्वतःच्या घरात शिरतानाही त्याला वाकावे लागे, आणि त्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचत. त्या वर्षी गणपतीत घुमट वाजवून तो घरी परतला आणि उंबऱ्यातच त्याला अर्धांगाचा झटका आला. तो घुमटावरच पडला. घुमटाचे तुकडे झाले, कातडे तेवढे शाबूत राहिले. म्हाताऱ्याचे उजवे अंग गेले, जीभ जड झाली; डावा हात मात्र पूर्वीसारखाच चालत होता.

म्हाताऱ्याला एकच लेक. तिचा नवरा घरजावई म्हणून त्या घरी राहावयास आलेला, मूळचा रामनगरकडचा, किराणा विकणाऱ्या घरातला. गडी कामसू, हसरा, परंतु बुटका. सासऱ्याच्या काखेखालून तो टोपी न काढता जाऊ शकत असे. घुमटाला त्याने जन्मात हात लावला नव्हता. तेव्हा म्हाताऱ्याच्या भाऊबंदांनी गावकराकडे बोलणे लावले की, त्या घरी आता हात उरला नाही, मान आमच्याकडे द्यावा. गावाचा कारभार पाहणारा गावकर न्यायी माणूस होता. त्याने सांगितले की, येत्या शिमग्याला जावयाने मांडावर मेळाला चाल दिली तर मान त्या घरीच राहील, न दिली तर भाऊबंदांकडे जाईल.

हे गाऱ्हाणे घेऊन जावई माझ्याकडे आला. मी तीन पाने अर्ज लिहिला. वहिवाट, वंशपरंपरा, देवकार्यात येणारा अडथळा, सर्व मुद्दे त्यात क्रमाने आले होते आणि तो माझ्या उत्तम अर्जांपैकी एक होता, असे मी आजही मानतो. कचेरीतल्या साहेबांनी तो पुरा वाचला, हे विशेष. मग त्यांनी जावयाकडे पाहून एवढेच विचारले, की तुला वाजविता येते काय? तो नाही म्हणाला. साहेबांनी अर्ज माझ्या हाती परत दिला आणि म्हणाले, सरकारला याच्याकरता घुमट वाजविता येत नाही. याला एक घुमट आणून द्या.

साहेबांनी “आणून द्या” हे शब्द माझ्याकडे पाहून उच्चारले होते. मी ती जबाबदारी माझी समजलो. जावयाला मी म्हणालो की, पहिले घुमट निवडणे हे नवशिक्याचे काम नव्हे. ते माझ्यावर सोपव. त्या दिवसांत तो जंगलखात्याच्या लाकडांच्या ओढणीवर बैल घेऊन जात असे, त्यालाही सवड नव्हती.

“मला त्यातलं कळत न्हाई, अण्णा,” तो म्हणाला. “मी मीठ-मिरची तोलणाऱ्या घरचा.”

मी गुंदला जाऊन फुटलेल्या घुमटाचे तुकडे मागितले. म्हाताऱ्याच्या लेकीने ते एका टोपलीत जपून ठेवले होते. फाटलेला दस्तऐवज जुळवावा तसे मी ते सुपात मांडून जुळविले, सुतळीने लांबी घेतली, दोन्ही तोंडांचे घेर घेतले, आणि सर्व मापे वीत व बोटे यांत उतरवून खाली “अस्सलबरहुकूम नक्कल” असे लिहून सही केली. म्हाताऱ्याच्या घुमटासारखे घुमट आसपासच्या मुलखात नव्हते, हे सर्वमान्य होते. तेव्हा त्याची हुबेहूब नक्कल करविली की काम झाले, असा माझा विचार होता. अस्सलात दोष नाही तर नकलेत कोठून येईल?

लेक चुलीपाशी भाकरी थापीत होती. ती तेथूनच म्हणाली, “अण्णा, ह्यास्नी संगं न्या की. साधी घागर घ्यायची तर बी आम्ही कडेवर धरून बघताव.”

मी तिला समजावून सांगितले की, माप कागदावर आले म्हणजे माणसाने जाण्याची गरज उरत नाही. कचेरीत शेकडो कामे अशीच होतात. तिने मग जुने कातडे पुढे केले, हे तरी न्या म्हणाली. नव्या वाद्याला जुने कातडे शोभणार नाही म्हणून मी तेही नाकारले. जवळच कुंभारवाड्याला एक कुंभार गणपतीपुरती लहान घुमटे करीत असे. परंतु ती मी खेळण्यांत जमा धरली होती. मला घाटाखालच्या नामांकित कुंभाराकडूनच वस्तू हवी होती.

त्यासाठी मी कॅसलरॉकला जाऊन आगगाडीत बसलो आणि घाट उतरून पोर्तुगीज हद्दीतल्या एका गावी गेलो. कुंभार वयस्कर होता. त्याने माझा कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि आपल्या कोकणीत विचारले की, वाजविणारा कोठे आहे, त्याचा हात मला दाखव. मी कागदाकडे बोट दाखविले. त्याने खांदे उडविले, आणि मी वाचून दाखविलेली मापे एका काडीवर खुणा करून घेतली. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा घुमट तयार होते. भाजणीने त्याला तांबूस तेज आले होते, कातडे पापडासारखे ताठ होते. ते गवतात गुंडाळून देताना कुंभाराने मला बजावले की, नव्या घुमटावर पहिली थाप ज्याची, घुमट त्याचे होते. वाटेत कोणाला हात लावू देऊ नये. ही चाल मला ठाऊक होती. गुंदलाही ती पाळतात.

कॅसलरॉकला पोर्तुगीज हद्दीतून आलेला सर्व माल उतरवून तपासतात. तेथील नाकेदार तरुण होता आणि सकाळपासून दारूच्या बुधल्या शोधून कंटाळला होता. माझे गाठोडे पाहताच त्याचे डोळे चमकले. गवत काढून त्याने घुमटात नाक घातले, आत हात फिरविला, आणि हे भांडे कशाचे म्हणून विचारले. मी त्याला वाद्याची रचना, शिमग्याचा मेळ, मांड आणि वंशपरंपरा हे सर्व तपशीलवार सांगितले. फलाटावरचे हमाल भोवती जमले. माझे सांगणे संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, “वाद्य आहे ना? मग वाजवून दाखवा. नाही वाजले तर भांडे म्हणून येथेच राहील.”

मी चालीचे कारण सांगून पाहिले. लेखी जबाब देतो म्हणालो. तो मान हलवीत राहिला. गाडी सुटण्याची घंटा झाली. शेवटी मी दोरी गळ्यात अडकविली, मनातल्या मनात गुंदच्या देवाची क्षमा मागितली आणि थाप मारली.

तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. पोटावर कोणी आतून हात ठेवावा तसे झाले. डावा तळवा आपोआप उघड्या तोंडावर गेला, तो उचलताच आवाज गोल होऊन बाहेर पडला. मी आणखी एक मारली, आणि मग चार. एका हमालाने डोक्यावरचे मुंडासे हातात घेऊन गिरकी घेतली, दुसऱ्याने टाळ्या धरल्या, नाकेदार हसू लागला आणि त्याने घुमटाच्या कुशीवर खडूची फुली मारली. त्या वेळी माझे वय बेचाळीस होते. बेचाळीस वर्षांत माझ्या हाताने शाई सोडून दुसरे काही केले नव्हते.

आनंद ओसरला तो पुढे बैलगाडीत बसल्यावर. पहिली थाप माझी पडली होती. दुसऱ्याच्या घराच्या मानाचे वाद्य मी आपले करून बसलो होतो. फलाटावर गुंदचे कोणी नव्हते, याची मी खात्री करून घेतली होती. तेव्हा गप्प राहावे, असे मी ठरविले. ते ठरविले खरे, पण सुप्यापर्यंत खडूची ती फुली मी तीन वेळा उपरण्याने पुसली.

शिमग्याला पंधरा दिवस उरले असता मी घुमट घेऊन गुंदला पोहोचलो. अंगणात शेजारीपाजारी जमले. म्हाताऱ्याला ओटीवर खांबाला टेकवून बसविले होते. मी गवत सोडविले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले; आपलेच घुमट जसेच्या तसे परत आले, असे त्याला वाटले असावे. माझी छाती फुगली. जावयाने हात पुसले, दोरी गळ्यात घातली आणि घुमट पोटाशी आडवे धरले.

त्याचा उजवा हात कातड्यावर टेकला तेव्हा डावा हात हवेतच राहिला. उघडे तोंड त्याच्या बोटांपासून चांगले वीतभर पुढे होते. त्याने घुमट उजवीकडे सरकविले, तर उजवा हात सुटला. उभे धरले, तर काठ हनुवटीला लागला. तो कमरेत वाकून, एक खांदा पुढे काढून तोंडाकडे झेपावू लागला, तशी शेजारची एक बाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, “बाई गं, म्हशीला मिठी मारालाय जणू.” सगळे अंगण हसले. जावईही हसला; परंतु हसता हसता त्याने सासऱ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

लेक पुढे आली. तिने आधी नवऱ्याच्या हाताकडे पाहिले, मग बापाच्या मांडीवर पडलेल्या त्या लांब हाताकडे.

“अण्णा,” ती म्हणाली, “हे बा-चं हाय. ह्यांचं न्हाई.”

माझी नक्कल बिनचूक होती, आणि तीच माझी चूक होती. मी तुकडे मोजले, घेर मोजले, सुतळीला गाठी मारल्या. ज्याच्या गळ्यात ते पडणार, त्याचा हात तेवढा मोजावयाचा राहिला. याच शरमेत, ते घुमट आता मानाचे राहिले नाही म्हणून, मला थोडी सुटकाही वाटली, आणि सुटकेच्या भरात मी कॅसलरॉकची सर्व हकीकत सांगून टाकली. नाकेदार, घंटा, हमालाची गिरकी, काही राखले नाही. मग ओटीवरून घरघरल्यासारखा आवाज आला. म्हातारा हसत होता. झटका आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला, असे त्याच्या लेकीने मागाहून सांगितले.

“मग तुमचंच झालं की ते,” ती मला म्हणाली. “शिका आता.”

दुसऱ्या सकाळी ती नवऱ्याला घेऊन कुंभारवाड्याला निघाली. मी मागून चाललो. या वेळी कागद घेतला नव्हता. कुंभाराच्या पडवीत गणपतीतून उरलेली सात-आठ कोरी घुमटे पालथी मांडली होती. ती बाई उकिडवी बसली आणि बोटाच्या पेराने एकेकावर टकटक करू लागली. मान एका बाजूस झुकवून ती ऐके, आणि काही न बोलता भांडे बाजूला सारी. पाणी भरावयाची घागर आमच्याकडच्या बायका अशीच निवडतात. चिरलेली असली तर बद्द बोलते, कच्ची असली तर आवाज आतच राहतो, आणि चांगली असली तर पेर उचलल्यावरही थोडी बोलत राहते. हे ज्ञान त्या घरात रोज पाणी भरत होते, आणि मी ते घेण्याकरिता घाट उतरून गेलो होतो.

दोन भांडी उरली. एक देखणे, दुसरे गळ्यापाशी किंचित वाकडे. मी देखण्याकडे बोट दाखविले. तिने दोन्ही पाळीपाळीने नवऱ्याच्या पोटाशी धरली आणि त्याला डोळे मिटून हात टाकावयास सांगितले. देखण्याचे तोंड तो चाचपीत राहिला. वाकड्यावर मात्र त्याचा डावा तळवा झाकणासारखा अचूक बसला. वाकडेपणा नेमका त्याच्या मनगटाच्या बाजूस होता. कुंभार म्हणाला की, ते भट्टीत दबले, कोणी घेत नाही.

“आम्ही घेताव,” ती म्हणाली.

घरी जुने कातडे दोन दिवस पाण्यात भिजवून मऊ केले, कडेने कापून या लहान घुमटाच्या मोठ्या तोंडाजोगे केले आणि म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली ताणून बांधले. तो बोलू शकत नव्हता. दोरी ढिली वाटली की डावा हात जमिनीवर आपटी, आणि जावई पुन्हा ओढी. उन्हात ते कातडे वाळले. जावयाने पहिली थाप मारली तेव्हा आवाज धाकटा होता, पण घरचा होता, हे मलाही कळले.

शिकवणी कशी होणार, हा प्रश्न होता. म्हाताऱ्याची जीभ बोल उच्चारीत नव्हती. त्याने वाट काढली. जावयाला पाठ करून पुढ्यात बसवी आणि डाव्या हाताने त्याच्या पाठीवर ताल देई. पाठीवर पडेल तसे जावयाने घुमटावर वाजवावयाचे. चुकले की कानशिलावर एक टिचकी. मी कचेरीच्या सुटीत तेथे जात असे, आणि चार दिवसांनी, हे लिहावयास मला संकोच नाही, माझे मोठे घुमट घेऊन मीही जावयाशेजारी बसू लागलो. माझे हात लांब आहेत, ते मला बरोबर बसत होते. टिचक्या मला अधिक मिळाल्या.

शिमग्याच्या पहिल्या दिवशी दुपार उतरताना गाव मांडावर जमला. नाचणारे शेले बांधून उभे राहिले. भाऊबंदांपैकी एकाने आपले घुमट काखेत तयार ठेवले होते, त्यात काही वावगे नव्हते. म्हाताऱ्याला दोघांनी बाजल्यावर घालून आणले आणि जावयाच्या मागे बसविले. गावकराने नारळ ठेवला आणि विचारले, “थाप कुणाची?”

जावयाचा हात कातड्यावर होता, पण हलत नव्हता. मी मोठे घुमट घेऊन मेळाच्या शेपटाला उभा होतो, तेथून मला त्याची लाल झालेली मान दिसत होती. भाऊबंदांच्या माणसाने आपले घुमट काखेतून पुढे घेतले. लेकीने पदर घट्ट धरला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा डावा हात उठला आणि जावयाच्या पाठीवर पडला. एकदा. मग पुन्हा.

घुमट वाजले. आधी पाठीमागोमाग, मग पाठीबरोबर, आणि मग केव्हा तरी म्हाताऱ्याचा हात थांबला तरी ते वाजतच राहिले. नाचणाऱ्यांनी पाऊल उचलले. भाऊबंदाने क्षणभर पाहिले, आपले घुमट शेजाऱ्याच्या हाती दिले, शेला कमरेला कसला आणि तो रांगेत शिरला. नाच त्याचा नेहमीच चांगला असे. गावकराने म्हाताऱ्याकडे पाहिले.

“तुझ्याच घरची हाय,” तो म्हणाला. “चला, अंगण दाखवा.”

मेळ प्रथम त्या घरी गेला. लेकीने अंगण सकाळीच सारवून ठेवले होते, सकाळी तिने ते कोणत्या खात्रीने सारविले होते, हे मी तिला कधी विचारले नाही. तिच्या अंगणात नाच रंगला तेव्हा जावयाने मागे वळून मला मानेने खूण केली. मला एकच साधी चाल येत होती, तीही संथ. ती मी धरली. धाकटे घुमट पुढे बोलत होते, मोठे मागून हुंकार देत होते. बाजल्यावरून म्हाताऱ्याने डावा हात माझ्याकडे रोखला, आणि मी समजलो की मी पुन्हा अर्धी मात्रा मागे पडलो आहे.